किरायादार घर सोडत नाही तेव्हा



मागच्या महिन्यात या पानावर विरासतीच्या हिश्श्यांबद्दल लिहिले होते. त्यानंतर आलेल्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न तुळजापूरहून आला, उमरग्याहून आला आणि आमच्या धाराशिव शहरातूनही आला. प्रश्न असा की, घर आमचे, हिस्सेही ठरले, पण आत किरायादार बसला आहे आणि तो निघत नाही. आता काय करायचे? मी वकील नाही, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पण या विषयावर घरोघरी जे सल्ले दिले जातात ते ऐकून वाटले की कायदा काय म्हणतो ते एकदा साध्या भाषेत लिहावेच.

एका भगिनीची हकीकत घेते. नाव, गल्ली सांगत नाही. त्यांच्या शोहरांनी २००२ साली घराच्या समोरच्या दोन खोल्या किरायाने दिल्या. ओळखीचा माणूस होता, कागद केला नाही. किराया तेव्हा ७०० रुपये होता, आता १२०० आहे. शोहरांचा इंतकाल झाला. मुलाचे लग्न ठरले आहे, मागे एकच खोली आणि स्वयंपाकघर. सून आणायची कुठे? किरायादाराला विनंती केली तर तो म्हणतो, "बारा वर्षे झाली की घर राहणाऱ्याचे होते. तुम्हाला कोर्टात जायचे तर जा." इकडे भाऊ आणि जावई म्हणतात, "कोर्टाचे नाव काढू नका, जन्म जाईल. तो गावी गेला की कुलूप घालू, नळ तोडू, लाइट बंद करू. आपोआप जातो."

दोन्ही बाजूंचे बोलणे चूक आहे. भावांचे बोलणे मला जास्त घातक वाटते, कारण त्याने या बाईंचेच नुकसान होईल.

आधी कुलपाचे बघू. किरायादार कितीही त्रासदायक असला, त्याने किराया थकवला असला, तरी कोर्टाच्या हुकुमाशिवाय त्याला बाहेर काढण्याचा अधिकार मालकाला नाही. विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ मध्ये कलम ६ आहे. ज्याला कायद्याचा मार्ग सोडून जबरदस्तीने ताब्यातून काढले, तो सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचे हा प्रश्न बघितलाच जात नाही. ताबा कोणाचा होता आणि तो कसा काढला, एवढेच बघतात. म्हणजे कुलूप घालून घेतलेले घर कोर्टाच्या हुकुमाने पुन्हा त्याच माणसाला द्यावे लागू शकते. पाणी आणि वीज तोडण्याबद्दल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातच कलम २९ आहे. मालकाने अत्यावश्यक सोयी तोडल्या तर किरायादार कोर्टातून त्या पुन्हा सुरू करून घेऊ शकतो आणि मालकाला शिक्षाही होऊ शकते. सामान रस्त्यावर टाकले तर फौजदारी तक्रार होईल, ती ज्यांनी टाकले त्यांच्यावर आणि ज्यांच्यासाठी टाकले त्यांच्यावरही. साठीच्या बेवा बाईला पोलीस ठाण्याच्या बाकावर बसवणारा सल्ला हमदर्दीचा कसा म्हणायचा? पोलिसांना सांगून घर खाली करून घेऊ असेही काही जण म्हणतात. हा दिवाणी वाद आहे, किरायादाराला घराबाहेर काढणे पोलिसांचे काम नव्हे.

आता बारा वर्षांची गोष्ट. ही अफवा मी लहानपणापासून ऐकते आणि तिच्या भीतीने कित्येक घरांनी खोल्या कुलूपबंद ठेवल्या आहेत. कायद्यात बारा वर्षांचा नियम आहे, पण तो मालकाच्या हक्काला उघडपणे नाकारून ताबा ठेवणाऱ्यासाठी. किरायादार मालकाच्या परवानगीने राहतो, किराया देतो, म्हणजे दर महिन्याला त्याची मालकी मान्यच करतो. तो वीस वर्षे राहिला काय किंवा चाळीस, निव्वळ राहण्याने मालक होत नाही. किरायादार असताना मालकाची मालकी नाकारण्याची मुभा पुराव्याचा कायदाही त्याला देत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. किरायेदारी कायद्याने संपवल्यानंतर ताबा मागायला बारा वर्षांची मुदत असते. नोटीस देऊन भाडेपट्टा संपवला आणि मग पंधरा वर्षे स्वस्थ बसलो, असे करू नये.

मग रस्ता कोणता? आपला जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, म्हणून इथे मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा नव्हता, तर हैदराबादचा १९५४ चा घरभाडे नियंत्रण कायदा चालत असे. त्यात मालकाचा अर्ज रेंट कंट्रोलरकडे जाई. विदर्भात तिसराच कायदा होता. या तिन्हींच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ आला आणि तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आता कंट्रोलर नाही. आपल्याकडे हा दावा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या न्यायालयात होतो. आजही काही बुजुर्ग "तहसीलला अर्ज द्या" असे सांगतात. त्या अर्जाने काही होत नाही, महिने मात्र जातात.

या कायद्याचा पाया असा की किरायादार ठरलेला किराया देत आहे आणि अटी पाळत आहे तोवर "माझे घर आहे, मला हवे" एवढ्यावर त्याला काढता येत नाही. कायद्यात सांगितलेल्या कारणांपैकी एखादे सिद्ध करावे लागते. थकलेला किराया हे एक कारण. कलम १६ मध्ये बाकीची आहेत. घराचे नुकसान केले, मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्के बांधकाम केले, शेजाऱ्यांना उपद्रव दिला किंवा जागेचा बेकायदा वापर केला, तिसऱ्याच माणसाला पोटभाड्याने दिले, ज्या कामासाठी जागा घेतली त्यासाठी सबळ कारणाशिवाय दाव्याआधी सलग सहा महिने वापरलीच नाही, दुरुस्तीसाठी किंवा पाडून नवे बांधण्यासाठी जागा रिकामी हवी, इत्यादी. शेवटचे कारण आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या घरांना बऱ्याचदा लागू पडते, पण त्यात पाडकाम आणि नव्या बांधकामाची तयारी कागदावर दाखवावी लागते.

आपल्या भगिनीचे कारण मात्र वेगळे आहे आणि बहुतेक घरांचे तेच असते. स्वतःच्या राहण्यासाठी जागेची खरी आणि वाजवी गरज, कलम १६ (१) (ग). यात "स्वतः" म्हणजे एकटा मालक नव्हे. मुलाचे लग्न, मुलीचा दवाखाना किंवा शिवणवर्ग अशा कुटुंबातल्या माणसांच्या गरजा मालकाच्याच गरजा आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने एकाहून अधिक निकालांत मानले आहे. आपली गरज कशी भागवायची हे मालकाने ठरवायचे, "मागच्या खोलीत दाटीवाटीने राहा" असे किरायादाराने सांगायचे नाही, हेही न्यायालयांनी म्हटले आहे. पण गरज खरी हवी. इच्छा वेगळी आणि गरज वेगळी. जास्त किराया मिळावा म्हणून गरजेचा बहाणा केला तर उलटतपासणीत तो टिकत नाही. टिकला तरी पुढे कलम १७ आहे. ताबा मिळाल्यावर एक महिन्यात मालक राहायला गेला नाही, किंवा वर्षाच्या आत ती जागा दुसऱ्याला किरायाने दिली, तर जुना किरायादार कोर्टात जाऊन जागा परत मागू शकतो.

गरज सिद्ध झाली तरी न्यायाधीश आणखी एक गोष्ट तोलतात. हुकूम दिला तर कोणाला जास्त त्रास होईल, आणि नाही दिला तर कोणाला? कोणाकडे दुसरी जागा आहे? कधी कधी एकाच खोलीपुरता हुकूम देऊन दोघांची सोय होत असेल तर तसाही हुकूम देता येतो. दोन खोल्यांच्या प्रकरणात ही शक्यता आपल्या वकिलाशी आधीच बोलून घ्यावी. या तोलण्याविषयी १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने श्रीनगरच्या एका घराच्या वादात निकाल दिला. मालकीण होत्या बेगा बेगम, भाडेकरू त्या घरात हॉटेल चालवत होते आणि मालकांना तो व्यवसाय स्वतः करायचा होता. न्यायालयाने म्हटले की घर सोडताना प्रत्येक भाडेकरूला काही ना काही त्रास होतोच, तेवढ्यावरून मालकाची खरी गरज नाकारता येत नाही. दोन्ही पारड्यांत काय आहे ते बघावे लागते. म्हणून किरायादाराचे स्वतःचे दुसरे घर असेल, त्याने प्लॉट घेऊन बांधले असेल, तर त्याचा उतारा नगरपालिकेतून काढून ठेवावा. दावा चालू असताना त्याने दुसरी जागा शोधलीच नाही, हेही कोर्टाच्या नजरेला आणता येते.

थकलेल्या किरायाचे कारण लोकांना सगळ्यात सोपे वाटते. तसे ते नाही. आधी लेखी नोटीस द्यावी लागते, ती मिळाल्यावर ९० दिवस थांबावे लागते, मगच दावा करता येतो. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत किरायादाराने सगळी थकबाकी वर्षाला १५ टक्के सरळ व्याजासह कोर्टात भरली, दाव्याचा खर्च दिला आणि पुढचा किराया नियमित भरत राहिला, तर या कारणावरून त्याला काढण्याचा हुकूम होत नाही. मला यात काही गैर वाटत नाही. पगार अडकलेल्या किंवा आजारपणाने गांजलेल्या माणसाला एक संधी मिळते. मालकालाही त्याचे पैसे मिळतात. पण नोटिशीशिवाय केलेला दावा पहिल्याच पायरीवर पडतो, हे लक्षात ठेवा. नोटीस वकिलाकडून, पोस्टाने, आणि पोहोच जपून.

मालकांनी पावती देण्याबद्दलही बोलायला हवे. आपल्याकडे किराया हातोहात घेतात आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिक करतात. पावती देणे कायद्याने बंधनकारक आहे. मालकाला वाटते पावती दिली की किरायादाराचा हक्क पक्का होईल. खरे तर त्याच पावतीने तो किरायादार आहे, मालक नाही, हे पक्के होते.

आता विरासतीशी जोडलेला भाग. या भगिनीच्या शोहरांच्या इंतकालानंतर त्या घराच्या मालक एकट्या त्या नाहीत. मुले असल्यामुळे त्यांचा आठवा हिस्सा, उरलेल्यात मुलग्याला दोन तर मुलीला एक या प्रमाणात सगळ्यांचे हिस्से. त्या दोन खोल्यांचा किरायाही त्याच प्रमाणात सगळ्यांचा. अनेक भगिनींचा प्रश्न होता की सगळ्या भावंडांच्या सह्या झाल्याशिवाय दावा करता येत नाही का? येतो. एक सहमालकही दावा करू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ पासून मानले आहे, बाकीच्यांचा विरोध नसला म्हणजे झाले. तरी सर्वांची नावे दाव्यात घातलेली बरी. आधी सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर आणि नगरपालिकेच्या मालमत्ता कराच्या नोंदीत वारसांची नावे लावून घ्या, मुलींचीसुद्धा. हे मी मुद्दाम लिहिते आहे. थोरला भाऊ "आईची गरज आहे" म्हणून किरायादार काढतो, मग रिकामे घर विकतो आणि बहिणींना कळते तेव्हा मिठाई वाटून झालेली असते. किरायादाराला काढण्यासाठी जी बहीण साक्षीला चालते, ती हिश्श्यालाही चालली पाहिजे.

हिबाचेही तसेच. किरायाने दिलेले घर वालिदांनी मुलीला हिबा केले तर ताबा कसा द्यायचा, घरात तर दुसराच राहतो? अशा वेळी किरायादाराला लेखी कळवायचे की आजपासून किराया हिला द्या, आणि पावत्या तिच्या नावाने सुरू करायच्या. हिबानंतरही पावत्या वालिदांच्याच नावाने फाटत राहिल्या तर पुढे भाऊ म्हणायला मोकळे की हिबा झालाच नाही.

किरायादार मेला तर? त्याच्याबरोबर त्या घरात राहणारे त्याचे कुटुंबीय किरायादार म्हणून पुढे चालू राहतात. मयतीनंतर बायकामुलांना "करार त्याच्याशी होता, तुम्ही निघा" म्हणता येत नाही.

हे सगळे जुन्या किरायेदारीबद्दल झाले. नव्याने खोली देणार असाल तर वाट बरीच सोपी आहे, फक्त सुरुवातीला थोडा खर्च करायला हवा. राहण्यासाठी जागा देताना भाडेपट्ट्याऐवजी लिव्ह अँड लायसन्स करार करा, म्हणजे ठराविक मुदतीसाठी वापराची परवानगी. मुदत संपल्यावर माणूस निघाला नाही तर कलम २४ प्रमाणे शासनाने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे गरज, थकबाकी, त्रास काही सिद्ध करावे लागत नाही. लेखी करार हाच पुरावा. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत बाजू मांडण्याची परवानगी मागावी लागते, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. दुकानांना हे कलम नाही, ते फक्त राहण्याच्या जागांसाठी आहे.

"आम्ही अकरा महिन्यांचा करार करतोच की, स्टॅम्पपेपरवर, नोटरी करून," असे जवळजवळ प्रत्येक घरमालक सांगतो. अकरा महिन्यांची पद्धत पडली कारण केंद्राच्या नोंदणी कायद्यात एक वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची आहे. पण महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्यातले कलम ५५ म्हणते की भाडेपट्टा असो की लिव्ह अँड लायसन्स, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाद झाला तर अटींबाबत किरायादार जे सांगेल ते खरे धरले जाते, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात किंवा ऑनलाइन होते. लिव्ह अँड लायसन्सला मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के, नोंदणी फी शहरात १००० रुपये आणि ग्रामीण भागात ५००. सूरह बकराची २८२ वी आयत आपण सगळे जाणतो. कुरआन मजीदची सगळ्यात लांब आयत, आणि ती उधारीचे व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आहे. तरीही ओळखीच्या माणसाकडे कागद मागायला आपल्याला लाज वाटते.

मुदत संपल्यावरही तो राहिला आणि तुम्ही पहिल्यासारखाच किराया घेत राहिलात, तर नवी किरायेदारी झाली असा मुद्दा तो काढू शकतो. पैसे घेतलेच तर "हक्क राखून, नुकसानभरपाईपोटी" असे लिहून घ्या.

एक फरक खेड्यातल्या वाचकांसाठी. भाडे नियंत्रण कायदा त्याच्या अनुसूचीतल्या क्षेत्रांना लागू आहे, मुख्यतः शहरांना. जिथे तो नाही तिथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ चालतो. महिन्याच्या किरायेदारीला कलम १०६ प्रमाणे १५ दिवसांची नोटीस देऊन ती संपवता येते. मग ताब्यासाठी दिवाणी दावा. तिथेही कुलूप नाहीच. मशिदीची किंवा दर्ग्याची दुकाने वक्फच्या कायद्याखाली येतात आणि त्यांच्यासाठी वक्फ न्यायाधिकरण आहे. त्यावर पुन्हा कधी.

कोर्टाला वेळ लागतो हे भावांचे म्हणणे खोटे नाही. निकालानंतर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत अपील होऊ शकते, पुढे प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत जाऊ शकते. म्हणूनच मी या भगिनीला आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायला सांगितले. धाराशिवच्या जिल्हा न्यायालयातच हे कार्यालय आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. ही गोष्ट आपल्या बायकांना माहीतच नसते. दावा दाखल करण्याआधीही प्रकरण लोकअदालतीत ठेवता येते. किरायादाराला मुलांचे शालेय वर्ष संपेपर्यंत मुदत, कदाचित डिपॉझिटला थोडी मदत, आणि अमुक तारखेला ताबा, असे दोघांना मान्य झाले तर तो निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि त्यावर अपील नाही. तारखेला सोडले नाही तर त्याच निवाड्याची अंमलबजावणी मागता येते आणि मग बेलिफ येऊन ताबा देतो. तेव्हा कुलूप लावायला हरकत नाही.

या मासिकाच्या वाचकांत किरायाने राहणारेही पुष्कळ आहेत, त्यांनाही दोन गोष्टी. मालक किराया घ्यायला नकार देत असेल तर गप्प बसू नका, दर महिन्याला बँकेतून पाठवा आणि नोंद ठेवा, नाहीतर थकबाकीदार तुम्हीच ठराल. आणि नोटीस आली तर ती परत पाठवू नका. घेतली नाही म्हणून ती पोहोचली नाही असे कोर्ट मानेलच असे नाही.

विधी सेवा कार्यालयात जाताना सोबत न्यायचे कागद: प्रॉपर्टी कार्ड किंवा नमुना ८, मालमत्ता कराची पावती, मृत्यू दाखला, वारसांची नावे, रेशनकार्ड, किराया मिळाल्याची जी काही नोंद असेल ती, वहीत लिहिलेलीसुद्धा, आणि लग्नपत्रिका छापली असेल तर तीही.